गंजलेल्या पंपाचा ताळेबंद

माणसांच्या जाती दोनच. जुनी वस्तू दिसली की जिचा हात आपोआप रंगाच्या डब्याकडे जातो ती एक. आणि कुणी रंगाचा डबा उघडला की जी धावत जाऊन त्याचा हात धरते ती दुसरी. बाकीच्या जाती माणसाने फावल्या वेळात केलेल्या आहेत. या दोन जातींत रोटीव्यवहार होतो, बेटीव्यवहारही होतो. पण दोघी एकाच घरात नांदू लागल्या, की अडगळीच्या खोलीची किल्ली कुणाच्या कनवटीला असावी यावरून महाभारत सुरू होतं.

या महाभारताचं सध्याचं कुरुक्षेत्र अमेरिकेत आहे, आणि भांडणाचं कारण आहे पेट्रोलचा जुना पंप. इथे थोडा खुलासा केला पाहिजे. आपण 'पेट्रोल पंप' म्हणतो तेव्हा अख्खं आवार डोळ्यांपुढे येतं : हवा भरणारा पोऱ्या, 'साहेब, झिरो बघा' म्हणणारा माणूस, सगळं. मी म्हणतो आहे तो पंप म्हणजे नुसतं ते उभं यंत्र. तिकडे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. आपल्याकडे गॅस एकतर सिलिंडरमध्ये असतो नाहीतर पोटात. त्यामुळे 'माझ्याकडे जुना गॅस पंप आहे' असं कुणी म्हणालं तर आपण त्याला ओव्याचा अर्क सुचवू. तिकडे मात्र तसं म्हणणाऱ्याला लोक मान देतात. कुणाच्या तरी शेतावरच्या खोपटातून, कोंबड्यांच्या खालून, तो पंप उचलून आणायचा, मोटारीच्या शेजारी गॅरेजमध्ये उभा करायचा आणि संध्याकाळी त्याच्या डोक्यावरचा काचेचा गोळा पेटवून समोर खुर्ची टाकून बसायचं, असा हा छंद. त्याला 'पेट्रोलियाना' असं एखाद्या राजकन्येला शोभेल असं नावही आहे.

या पंपाचा वंशवृक्ष पाहण्यासारखा आहे. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या गृहस्थाने १८८५ साली एका वाण्याला पहिला पंप विकला, तो रॉकेलसाठी. मोटारी रस्त्यावर आल्यावर त्याने १९०५च्या सुमारास तोच पंप पेट्रोलच्या कामाला लावला. ऑस्ट्रेलियात अजूनही पंपाला 'बाउझर' म्हणतात. पुढे वेन आणि टोकहाइम या पंपवाल्या कंपन्याही त्याच गावात वाढल्या. पण खरी गंमत गिऱ्हाइकाच्या संशयाची आहे. लोखंडी डब्यातून नळीवाटे किती पेट्रोल गाडीत गेलं, हे दिसायचं कुठे? म्हणून 'व्हिजिबल' पंप आले. वर उंच काचेचं नळकांडं, त्यावर गॅलनच्या खुणा. दांडा मारून आधी पेट्रोल वर चढवायचं, गिऱ्हाइकाने डोळे भरून पाहायचं, मग नळीतून ते आपल्या वजनाने खाली उतरायचं. दूधवाल्याने माप नाकासमोर धरावं तसं. १९३० नंतरच्या दशकात गॅलनला भावाने गुणून पैसे दाखवणारे पंप आले, आणि डोळ्यांचं काम चाकांनी घेतलं.

याच चाकांनी पुढे त्यांचा घात केला. बहुतेक जुन्या पंपांत गॅलनचा भाव जास्तीत जास्त ९९.९ सेंट लावता येत असे. एक गॅलन पेट्रोल कधी डॉलरला जाईल हे ते यंत्र करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. १९७९-८० च्या सुमारास ते गेलं. तेव्हा कित्येक ठिकाणी पंपावर निम्मा भाव लावायचे आणि आकड्याच्या दुप्पट पैसे मागायचे. गिऱ्हाइकाला उघड उघड निम्मा आकडा दाखवून दुप्पट पैसे घेण्याचा हा प्रकार इतका सरळपणे क्वचितच कुणी केला असेल. मग नवे पंप आले आणि जुने कोंबड्यांखाली गेले. कुणी मरतं हृदयविकाराने, कुणी अपघाताने; हे बिचारे शंभरापर्यंत मोजता येईना म्हणून गेले.

आता मुद्दा असा, की कोंबड्यांखालून काढलेल्या या पंपाचं करायचं काय? रंगवायचा की तसाच ठेवायचा?

रंगवणाऱ्या पंथाचं मंदिर मी दूरचित्रवाणीवर पाहिलं. 'अमेरिकन रिस्टोरेशन' नावाची मालिका २०१० मध्ये सुरू झाली. लास व्हेगासमधले रिक डेल त्यात जुन्या वस्तू लखलखीत करून देत. पंप, थंड पेयांची यंत्रं, सायकली. कथानक सत्यनारायणासारखं ठरलेलं. गंजका पंप येतो, भाव ठरतो, वाळूचा मारा होतो, पोचे ठोकले जातात, प्रायमर, रंग, त्यावर पारदर्शक लेप. आणि शेवटी कापड ओढलं की मालकाच्या डोळ्यांत पाणी. मालिका मी आवडीने पाहिली. हाताला कसब आहे, आणि कसब पाहायला कुणाला आवडत नाही? पण टीकाकार म्हणून माझी एक तक्रार आहे. कापड ओढल्यावर जे बाहेर येतं ते फार चांगलं असतं. कारखान्यातून निघालेला पंप इतका चांगला कधीच नव्हता. त्याला साधा एनॅमल रंग असे, कोपऱ्यात ओघळ असतील, नळीची तोटी वापराची असे. आता तीच तोटी क्रोमने अशी चकाकते, की तिच्यात बघून दाढी करावी. नवरदेवाचा मेकअप इतका झाला, की वधूपक्षाने दुसराच मुलगा आणला म्हणून तक्रार करावी, तशातला प्रकार.

हे भांडण पंपांच्या आधीचं आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक नावाचे वास्तुविशारद जुनी चर्चेस आणि किल्ले दुरुस्त करत. दुरुस्ती म्हणजे वास्तूला अशा पूर्णत्वाला नेणं, की जे कदाचित कोणत्याच काळी नव्हतं, असं ते छातीठोकपणे लिहून गेले. रिक डेलचे हे पणजोबा. उलट बाजूला इंग्लंडात जॉन रस्किन. त्यांनी १८४९ सालीच असल्या जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा ठरवलं. पुढे विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायला संस्थाच काढली. तिला लाडाने 'अँटी-स्क्रेप' म्हणत, म्हणजे खरवडविरोधी मंडळ. मंडळाची तक्रार चर्चच्या भिंती खरवडण्याबद्दल होती. पंपाचा पत्रा तेव्हा जन्माला यायचा होता. पण पंपाच्या अंगावर पॉलिश पेपर फिरताना पाहून मॉरिससाहेबांनी मोर्चा नक्की काढला असता.

न रंगवणाऱ्यांचा आवडता शब्द आहे 'पॅटिना'. वापराने, वाऱ्यापावसाने, वर्षांनी वस्तूच्या अंगावर चढलेली कळा म्हणजे पॅटिना. याही पंथाचं दूरचित्रवाणीवर मंदिर आहे : 'अमेरिकन पिकर्स', तीही २०१० ची. त्यात माइक वुल्फ लोकांच्या खोपटांत शिरून गंजलेली वस्तू बाहेर काढतात आणि तिच्याकडे अशा प्रेमाने बघतात, की गंजाला लाज वाटावी. 'वस्तू मूळची एकदाच असते' हे या पंथाचं ब्रीद. आणि बाजारही पुष्कळदा त्यांच्याच बाजूने बोलतो. मूळ रंग आणि मूळ चिन्ह शाबूत असलेला पंप संग्राहक हौसेने घेतात. लाकडी सामानाचं जुनं पॉलिश खरवडलं की किंमत उतरते, हे 'अँटिक्स रोडशो'तल्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडावर सांगितलं आहे. कालपर्यंत आजोबांचं टेबल आठवड्यातून दोनदा मन लावून घासणारी माणसं ते ऐकून कशी खाली बसतात, हे पाहण्यासारखं असतं.

इथवर माझी सहानुभूती या पंथाकडे होती. पण प्रत्येक पंथात एक टोकाचा गट असतो. नवा पत्रा घ्यायचा, त्यावर व्हिनेगर, मीठ आणि हायड्रोजन पेरॉक्साइड शिंपडायचं आणि एका दुपारीत पन्नास वर्षांचा गंज चढवायचा, हेही लोक करतात. रंगाऱ्याला पैसे मोजून 'रंग उडाल्याचा' रंग मारून घेतात! आपल्याकडे सुनेला नव्याने आल्या-आल्या 'मी इथे वीस वर्षं खस्ता खाल्ल्या' असं म्हणायची परवानगी नसते. वस्तूलाही नसावी. सोसणं हे सोसूनच मिळवावं लागतं. ते बाटलीतून शिंपडता येत नाही.

दुसरं म्हणजे, शास्त्राचा घोटाळा. तांब्यावर चढते ती हिरवी कळा तांब्याला सांभाळते; तिच्याखालचं तांबं मग सावकाश झिजतं. लोखंडाचा गंज तसला नाही. तो पोकळ असतो, पापुद्रा निघतो, खालचं नवं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. म्हणजे तांब्याची कळा ही ठेव आहे आणि लोखंडाचा गंज ही थकबाकी. थकबाकीला 'ठेव' असं नाव देऊन ताळेबंदात घालणारा माणूस आमच्या खात्यात फार दिवस टिकत नाही. पॅटिनावाल्यांच्या खात्यात मात्र त्याला रसिक म्हणतात.

हा फरक अमेरिकेला चांगला ठाऊक आहे, कारण त्यांच्या न्यूयॉर्क बंदरात तो उभाच आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांब्यासारखा तपकिरी होता. हळूहळू तो हिरवा होऊ लागला. १९०६ मध्ये तो आतून-बाहेरून दुरुस्त करून रंगवायला ६२,८०० डॉलर मंजूर झाले, आणि देवीला रंग फासणार म्हणून लोकांनी ओरडा केला. शेवटी रंग आतल्या बाजूला लागला. बाहेरची हिरवी कांती तशीच राहिली. पुढे १९८६ च्या शतकोत्सवासाठी मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा आतला गंजलेला लोखंडी सांगाडा बदलून स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या घातल्या, मशाल नवी केली, ज्योतीला सोन्याचा वर्ख दिला. पण कांतीला हात लावला नाही. हाडं बदलली, कातडी ठेवली. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीवर इतकी समजूतदार समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

हे सगळं मी इतकं मन लावून का वाचलं, त्याला कारण माझा मावसभाऊ. तो इंडियानातच असतो, संगणकाचं काम करतो. त्याने एका लिलावात वेन कंपनीचा युद्धानंतरच्या काळातला एक पंप ८०० डॉलरला घेतला आणि मला हिशेबासाठी फोन केला. 'दादा, तू बँकेतला. सांग, रंगवू का?' बँकेतल्या माणसाला लोक रंगापासून राशीपर्यंत काहीही विचारतात. फक्त कर्ज घेताना विचारत नाहीत. एका कारागिराने त्याला दिलेला अंदाज असा : वाळूचा मारा ३००, पोचे काढणं ५००, प्रायमर आणि रंग ९००, क्रोम ४५०, काच-रबर-नळी २५०, चिन्हांचे स्टिकर ५०, डोक्यावरचा नवा गोळा १५०, जोडणी ६००. एकूण ३,२००. खरेदी धरून ४,०००. असा रंगवलेला पंप त्याने विकायला पाहिला तो ३,५०० ला. न रंगवलेला, पण बऱ्यापैकी अंगाचा, गेला १,२०० ला.

हा एकाच पंपाचा हिशेब आहे, सगळ्या पंपांचा नाही. ज्याच्या अंगावर मूळ रंगाचा टिपूसही नाही, ज्याला कुणी नेमबाजीच्या सरावासाठी गोळ्या घालून चाळण केलं आहे, त्याला 'वृद्धत्वाची कळा' म्हणणं म्हणजे अपघातग्रस्ताला 'अनुभवी' म्हणण्यासारखं आहे. त्याला खुशाल रंगवा. पण या पंपाचं गणित सरळ होतं. रंगवला तर ५०० चा तोटा, व्याज वेगळं. न रंगवला तर ४०० चा फायदा; मेणाचा डबा आणि तीन रविवार वजा. त्यातून जुना रंग खरवडायचा म्हणजे शिशाची धूळ. शिशाचा रंग अमेरिकेत घरांसाठी १९७८ मध्ये बंद झाला. त्याआधीचा रंग घासताना उडणारी पूड लहान मुलांना फार वाईट. त्याची मुलगी चार वर्षांची. हा आकडा कारागिराच्या कागदावर नव्हता.

'मग रंगवू नको,' मी म्हटलं. तेवढ्यात त्याच्या बायकोने फोन घेतला. 'भाऊजी, तुम्ही पण यांचंच ऐकणार का? गॅरेजमध्ये चढत्या भाजणीने गंज पडतोय फरशीवर!' मग तिने एक गोष्ट सांगितली. तिच्या आजीची तांब्याची घागर तिने इकडून नेली आहे. दिवाळीला ती चिंच-मीठ लावून घासत असताना शेजारचे एक जुन्या वस्तूंचे शौकीन गृहस्थ आले आणि किंचाळलेच, 'शंभर वर्षांची कळा घालवलीत तुम्ही!' ही म्हणाली, 'कळा पाण्यात उतरते. आणि ही गेली शंभर वर्षं दर दिवाळीला घासलेलीच आहे.' ते गृहस्थ विचारात पडून परत गेले.

मीही विचारात पडलो. कारण बाईंनी प्रश्नाच्या मुळावरच चिंच चोळली होती. घासणं हाच त्या घागरीचा इतिहास आहे. तिची झीज, तिच्या काठाची गोलाई, सगळी घासण्यानेच आलेली. मग पंपाचं काय? ज्या काळात हे पंप रस्त्यावर होते त्या काळात ते गंजके नव्हतेच. टेक्साको कंपनीने १९३८ च्या सुमारास आपल्या पंपांवरची स्वच्छतागृहं तपासायला पांढऱ्या गाड्यांतून निरीक्षक फिरवले होते. जिथे मोरीची एवढी काळजी, तिथे दारातला पंप गंजू देतील? एडवर्ड हॉपर यांचं १९४० चं 'गॅस' हे चित्र बघा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे ते. संध्याकाळ, मागे काळोखी झाडी, मोबिलचा उडता घोडा, तीन लाल पंप आणि त्यांच्यापाशी एकटाच माणूस. पंप लालभडक आहेत, पुसलेले आहेत. रंगवणारे हे चित्र पुरावा म्हणून दाखवतात. पण हॉपरनी ते एका जागेवरून काढलं नाही. अनेक ठिकाणचे पंप पाहून जुळवलं. म्हणजे तेही व्हियोले-ल-द्युकचेच शिष्य! आणि चित्रातून जाणवतो तो रंग नव्हे. गिऱ्हाईक येण्याची वाट जाणवते. गॅरेजमधल्या चकचकीत पंपाला नेमकं तेच आणता येत नाही. त्याच्यासमोरून रस्ताच जात नाही.

तेव्हा मी मावसभावाला पंप नीट बघायला सांगितलं. त्याने दिव्याच्या उजेडात कॅमेरा फिरवला. वरचा रंग पांढरा, उडालेला. त्याखाली एका ओरखड्यात हिरवा. हिरव्याच्या खाली, दाराच्या बिजागरीपाशी, लाल. म्हणजे पंपाचा मालक किंवा कंपनी दोनदा तरी बदलली. 'मूळ रंग' करायचा तर यातला कुठला? लाल केला, तर हिरव्या वर्षांचं काय करायचं? आणि तबकडीवरची चाकं एका आकड्यावर अडकलेली होती : २ डॉलर ४० सेंट. शेवटचं गिऱ्हाईक तेवढं पेट्रोल भरून गेलं आणि नंतर त्या यंत्राने कुणाचा हिशेब केला नाही. कारागिराच्या कागदावर 'जोडणी' या सदरात 'आकडे शून्यावर आणणे' असं लिहिलेलं होतं.

ते ऐकून माझ्यातला टीकाकार बाजूला झाला आणि कारकून पुढे आला. हाताने लिहायच्या खातेवहीचा एक नियम आहे, आणि तो मला रस्किनपेक्षा आणि व्हियोले-ल-द्युकपेक्षा शहाणा वाटतो. चूक झाली तर खोडरबर लावायचा नाही, ब्लेडने खरवडायचं नाही. जुन्या आकड्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता येईल. वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. दुरुस्ती झाली पाहिजे, पण दुरुस्तीआधी काय होतं तेही दिसलं पाहिजे, आणि दुरुस्ती कुणी केली तेही. संपूर्ण पान फाडून सुवाच्य अक्षरात नवं लिहून काढणाऱ्याला बक्षीस मिळत नाही, चौकशी होते. मग पान कितीही सुंदर दिसो.

या नियमाने पाहिलं तर दोन्ही पंथ चुकतात. रंगवणारा पान फाडतो. गंजवाला पानाला लागलेली वाळवी जपून ठेवतो. आणि खोटा गंज चढवणारा तर बनावट पावतीच करतो. त्याचं नावही काढायला नको.

व्यवहाराची गोष्ट अशी, की न रंगवलेला पंप पुढच्या वर्षीही रंगवता येतो. रंगवलेला 'न रंगवता' येत नाही. मुदतठेव केव्हाही मोडता येते, मोडलेली जुन्या दराने पुन्हा लावता येत नाही. संशय असेल तेव्हा ठेव मोडू नये, एवढं तर आमच्या काउंटरवरचा शिपाईही सांगेल.

मी त्याला लिहून पाठवलं ते असं. तळाचा पत्रा खाऊन भोकं पडली आहेत, तो बदल. तिथे नवा पत्रा दिसला तर दिसू दे. सुटा गंज मऊ ब्रशने, पाणी मारून, तोंडाला मास्क लावून काढ, मुलीला लांब ठेव. राहिलेल्याला मेण लाव. तिन्ही रंग राहू देत. फुटलेल्या गोळ्याच्या जागी नवा बसव, आणि आतल्या बाजूला नवा असल्याचं साल लिही. खाली एक पत्र्याचं ताट ठेव, म्हणजे फरशी वाचेल आणि घरही. खर्च : १८० डॉलर, ताट धरून.

तबकडीला हात लावू नकोस, असंही लिहिलं. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, 'पण दादा, ते २ डॉलर ४० सेंट खरे का? की त्या वेळी निम्मा भाव लावलेला असेल, आणि घेतले असतील ४ डॉलर ८०?'

प्रश्न रास्त आहे. मी त्याला तबकडीवरचा गॅलनचा आकडा आणि भावाचा आकडा, दोन्हींचे फोटो पाठवायला सांगितलं आहे. काच धुळीने भरलेली आहे. तेवढी मात्र त्याने पुसावी.